बर्फाचे वाचन

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



शंभर वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या या वाचनालयाने आपल्या व्याख्यानमालेत माझ्यासारख्या निवृत्त सैनिकाला पाचारण करावे, याचा मला आनंद झाला, तसा संकोचही वाटला. या व्यासपीठावरून झालेली साहित्यिकांची आणि विद्वानांची भाषणे मी आजवर समोरच्या खुर्च्यांवर बसून ऐकत आलो. मी विद्वान नव्हे. सेनादलातील नोकरीत सात हिवाळे मी काश्मीर आणि लडाखच्या उंच पहाडांत काढले. तेथे जे शिकलो, आणि जे वेळेवर शिकलो नाही, तेवढेच माझे भांडवल. म्हणून विषय निवडला तो बर्फाचा. भर हिमवृष्टीत डोंगरउतारावर साचत जाणारा आणि एखाद्या क्षणी कोसळणारा बर्फ, त्याची लक्षणे आणि त्याचे भय, याविषयी आज बोलावे असे योजले आहे.

बेळगावात बर्फाचे काय काम, असे कुणी विचारील. आपल्याकडे आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, पण हिम पडत नाही, हे खरेच. तथापि मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र याच शहरात आहे. बेळगाव, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, निपाणी या टापूत अशी कितीतरी घरे आहेत की ज्यांतला एखादा मुलगा आज या घटकेला हिमाच्छादित चौकीवर पहाऱ्याला उभा असेल. त्या घरांतील माणसांनी बर्फ डोळ्यांनी पाहिलेला नसतो. पण त्याची धास्ती मात्र ती दर हिवाळ्यात उराशी बाळगून असतात.

अशाच एका घराच्या सारवलेल्या ओट्यावर बसून, फार वर्षांपूर्वी, एका माउलीने मला एक प्रश्न विचारला होता. तिचा मुलगा माझ्या हाताखाली होता आणि हिमस्खलनात तो गेला. सांत्वनाचे चार शब्द बोलून मी उठण्याच्या बेतात होतो. ती म्हणाली, “सायब, तितं कुणालाच ठावं न्हवतं काय?”

मी म्हणालो, “मावशी, निसर्गापुढं माणसाचं काय चालतं?”

ते उत्तर खोटे होते. निदान अर्धे तरी खोटे होते. तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर देण्याचा प्रयत्न मी आज, सुमारे चाळीस वर्षांनी, आपल्यासमोर करणार आहे.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. सरबतात टाकायच्या खड्यालाही आपण बर्फ म्हणतो आणि आकाशातून भुरभुरत येणाऱ्या हिमालाही बर्फच म्हणतो. वस्तुतः ताज्या हिमात पाण्यापेक्षा हवाच अधिक असते. एक घनमीटर पाण्याचे वजन १००० किलो. तेवढ्याच जागेतल्या नुकत्या पडलेल्या हिमाचे वजन साधारणपणे ५० ते १०० किलो. ओंजळीत घेतले तर कापसासारखे हलके लागते. अशा हलक्या वस्तूने घरे उलथावी आणि माणसे चिरडावी, हे नवख्याला पटत नाही. मलाही पटले नव्हते.

पण हिवाळ्यात हिम एकदाच पडत नाही. नोव्हेंबरात पहिला पातळ थर पडतो. मग आठवडे कोरडे जातात. पुन्हा वृष्टी, पुन्हा उघाड, मध्येच वारा, मध्येच ऊन. प्रत्येक वृष्टीचा एक थर मागील थरावर बसतो. पेढीवरच्या कीर्दवहीत जशी रोजची नोंद आदल्या दिवसाच्या नोंदीखाली पडते, तसा साऱ्या हिवाळ्याचा जमाखर्च त्या साचलेल्या हिमात लिहिला जातो. फरक एवढाच की येथे सर्वांत जुनी नोंद तळाशी असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

आणि हे थर जसे पडले तसे राहतही नाहीत. हिमाखालची जमीन आपली ऊब राखून असते. तिचे तापमान शून्य अंशाच्या आसपास राहते. वरची हवा मात्र रात्री उणे वीस अंशांपर्यंत उतरते. हिमाचा थर जर अर्धा मीटरच जाड असेल, तर तेवढ्याशा जाडीत वीस अंशांचा फरक पडतो. दर दहा सेंटिमीटरला एक अंशाहून अधिक फरक पडला, की तळाच्या कणांतून बाष्प निघून वर चढू लागते आणि वरच्या कणांवर पुन्हा गोठते. अशा रीतीने मूळचे नाजूक, चांदणीसारखे कण नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी मोठे, टोकदार, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे दाणे तयार होतात. या दाण्यांचा एकमेकांशी काही बंध नसतो. मुठीत कितीही आवळले तरी त्यांचा लाडू वळत नाही. याउलट, जेथे हिम जाड असते आणि थंडी बेताची असते, तेथे कण गोलसर होऊन एकमेकांना चिकटतात आणि थर भक्कम होतो. म्हणजे थोडे हिम आणि कडक थंडी ही जोडी तळ पोखरते, हे प्रथमदर्शनी उलटे वाटणारे सत्य आहे.

दुसरा एक दुबळा थर दिसायला फार सुंदर असतो. निरभ्र, निवांत, थंड रात्री हिमाच्या पृष्ठभागावर दवाचे गोठलेले पिसारे उगवतात. सकाळच्या उन्हात सारा उतार हिऱ्यांनी मढवल्यासारखा चमकतो. त्यावर पुढची वृष्टी झाली, की ते पिसारे आत गाडले जातात आणि वरच्या थराला पाय रोवायला जागा देत नाहीत.

यावर येतो वारा. वारा हिमकणांना फोडून त्यांचे पीठ करतो आणि डोंगराच्या धारेपलीकडे, आपल्या आडोशाच्या बाजूला, ते ठासून भरतो. तेथे नुसत्या वृष्टीच्या कित्येक पटींनी हिम साचते आणि त्याची घट्ट लादी बनते. ती टणक लागते, तिच्यावर पाऊल ठरते, आणि म्हणून माणूस फसतो.

आता आपल्या खळ्यावरची जोंधळ्याची रास आठवा. राशीला एक ठरावीक उतार असतो. त्याहून उभी ती राहत नाही, दाणे घरंगळतात. त्या उतरत्या राशीवर कुणी शहाबादी फरशी अलगद ठेवली, तर ती क्षणभर टिकेलही. पण कडेला बोट लावताच दाण्यांसकट सरकेल. हिमस्खलनाचा सर्वांत घातक प्रकार हाच. वर घट्ट लादी, खाली सुटे दाणे, त्याखाली उतार, आणि बोट लावणारे कोणीतरी. एका जागी दुबळा थर बसला की ती भेग लादीखालून आडवी धावत जाते आणि क्षणार्धात सारा उतार एकदम मोकळा होतो. बहुतेक लाद्या ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. ३० अंशांखाली त्या सहसा हलत नाहीत. आणि फार उभ्या कड्यावर हिम साचून राहतच नाही, पडता पडताच ओघळून जाते. दुर्दैव असे की माणसाला वावरण्याजोगा वाटणारा उतार नेमका या मधल्या पट्ट्यातला असतो.

चित्रपटांत कोणी आरोळी ठोकली की पहाड कोसळताना दाखवतात. ते खरे नव्हे. माणसाच्या आवाजाने हिमस्खलन होत नाही. त्याच्या वजनाने होते. हौशी गिर्यारोहकांच्या व बर्फावर घसरण्याचा खेळ खेळणाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास पाश्चात्त्य देशांत झाला आहे. त्यात असे आढळले की सुमारे ९० टक्के अपघातांत लादी सुटली ती बळी पडलेल्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या पावलाने. म्हणजे बोट लावणारा बहुधा माणूसच असतो.

मग भर हिमवृष्टीत काय होते? आपल्याकडे हिवाळ्यात पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या दिशेने, वादळी हवेचे पट्टे येतात. हवामानशास्त्रात त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. एखादा जोरदार विक्षोभ पहाडावर अडकला की दोन-तीन दिवसांत मीटरभर हिम पडते. हिशेब करून पाहा. शंभर मीटर लांब आणि पन्नास मीटर रुंद असा एक लहानसा उतार घेतला, त्यावर मीटरभर ताजे हिम पडले आणि ते घनमीटरला १०० किलो धरले, तरी त्या उतारावर नव्याने ५०० टन भार पडला. दहा टनी मालमोटारी धरल्या तर भरलेल्या पन्नास. आणि हा भार पडतो तो महिन्यापूर्वी पोखरलेल्या तळावर.

येथे वेगाला फार महत्त्व आहे. तेवढेच हिम पंधरा दिवसांत थोडेथोडे पडले, तर खालचे थर हळूहळू दबतात, कण एकमेकांना चिकटतात आणि भार पेलण्याची ताकद वाढत जाते. परंतु तेच दोन दिवसांत पडले तर ताकद वाढण्यापूर्वीच भार वाढतो. एका दिवसात ३० सेंटिमीटरहून अधिक हिम पडले की सावध व्हावे, आणि तीन दिवसांत मीटरभर पडले की दरीतले रस्ते व वस्त्याही धोक्यात आहेत असे समजावे, असा अनुभवाचा दंडक आहे. १९७९ च्या मार्चमध्ये लाहौल-स्पितीत आणि २००५ च्या फेब्रुवारीत काश्मीरमधील वाल्टेंगू नाड या गावात हेच घडले. पहिल्या आपत्तीत दोनशेहून अधिक आणि दुसरीत दीडशेहून अधिक माणसे गेली. ती कोणी डोंगर चढायला निघालेली नव्हती. आपापल्या घरांत होती.

हिमालयाचा स्वभावही सर्वत्र सारखा नाही. पीर पंजालसारख्या दक्षिणेकडील रांगांत हिम पुष्कळ पडते आणि थंडी तुलनेने सौम्य असते. तेथील स्खलने बहुधा वादळ चालू असताना किंवा लगेच नंतर होतात, आणि उतार दोन-चार दिवसांत निवतो. काराकोरमकडे हिम कोरडे, थंडी भयंकर. तेथे तळचे सुटे दाणे महिनोन्महिने टिकतात आणि वादळानंतर कित्येक दिवसांनीही उतार दगा देतो. या दोहोंच्या मधल्या रांगांत दोन्ही स्वभाव आढळतात. म्हणून एका पहाडावर शिकलेला धडा दुसऱ्या पहाडावर जसाच्या तसा चालत नाही.

आता मी माझ्या त्या हिवाळ्याकडे वळतो.

१९८० च्या दशकातील एका फेब्रुवारीत मी उत्तर काश्मीरमधील एका चौकीवर होतो. वय पंचविशीचे, हुद्दा नवा. तीन दिवस आणि तीन रात्री हिम कोसळत होते. चौथ्या दिवशी सकाळी आकाश निळेभोर, वारा पडलेला, ऊन लख्ख. बावीस दिवस आम्हांला टपाल मिळाले नव्हते. ते खालच्या चौकीत येऊन पडले होते, आणि त्यात या शहरातून आमच्या जवानांसाठी पाठवलेले दिवाळी अंकांचे एक पुडकेही होते, हे बिनतारी संदेशावरून आम्हांला कळले होते. रॉकेलचा साठा आठ दिवस पुरेल इतका होता. हा आकडा मी मुद्दाम सांगतो. निकड नव्हती, उतावळेपणा होता.

खालच्या गावातला एक म्हातारा आमच्याकडे सामान वाहण्याच्या कामावर होता. मी सहाजणांची तुकडी निघण्याचा हुकूम देताच तो पुढे आला आणि म्हणाला, “साब, आज नहीं. पहाड़ अभी बैठा नहीं है.” मला वाटले, म्हातारा काम टाळतो आहे. आदल्या संध्याकाळी पहारेकऱ्यानेही सांगितले होते की पायाखाली ‘घुम्म’ असा दबका आवाज आला. ते मी ऐकून सोडून दिले होते. आज मला ठाऊक आहे, की तो आवाज म्हणजे आतला दुबळा थर बसल्याचा आवाज. निसर्ग याहून स्पष्ट शब्दांत बोलत नाही.

वाटेत एक रुंद घळ ओलांडायची होती. अशी घळ एकेकाने ओलांडावी, बाकीच्यांनी आडोशाला थांबून त्याच्यावर नजर ठेवावी, हा नियम. मी तो नियम सांगितला. पण बजावून सांगितला नाही. ऊन पाहून सारेच निर्धास्त होते. पाच-पाच पावलांच्या अंतराने ते घळीत उतरले. मी चौकीवरून दुर्बिणीने पाहत होतो. तिघे मध्यावर असताना त्यांच्या बऱ्याच वर, पाटीवर पेन्सिलीने ओढावी तशी एक रेघ उमटली. मग रेघेखालचा सारा उतार तुकड्यातुकड्यांनी चालू लागला. आवाज नंतर आला.

त्या काळी आम्ही कमरेला लांब लाल दोरी बांधून मागे सोडत असू. माणूस गाडला गेला तरी दोरीचा तुकडा वर राहावा, ही कल्पना. एकाची दोरी दिसली, एकाचा हात दिसला. दोघांना सोबत्यांनी दहा मिनिटांच्या आत उकरून काढले, ते वाचले. तिसऱ्याची दोरी त्याच्यासकट आत गेली होती. लांब सळ्या खुपसत खुपसत तो सापडला तेव्हा अडीच तास उलटले होते. तेवीस वर्षांचा होता तो. त्याचीच आई मला पुढे ओट्यावर भेटली.

कागदोपत्री ही नैसर्गिक आपत्ती ठरली. मला कोणी दोष दिला नाही. दिवाळी अंक मार्चअखेरीस वर आले. जवानांनी ते वाचले. माझ्याने ते पुडके उघडवले नाही.

काही दिवसांनी मी त्या घळीच्या कडेला, सुरक्षित जागी, जमिनीपर्यंत खड्डा खणायला लावला. असे खड्डे खणतात हे मी शिकलो होतो. त्या सकाळपूर्वी खणण्याची तसदी घेतली नव्हती. खड्ड्याच्या भिंतीवर सारा हिवाळा उभा होता. वर ताजे हिम, त्याखाली वाऱ्याने ठासलेली हातभर जाड लादी, आणि तळाशी वीतभर सुटे, खडीसाखरेसारखे दाणे. ते मुठीत घेतले. बोटांतून निसटून गेले. सहाजणांना पाठवण्यापूर्वी जे पान वाचायला हवे होते, ते मी नंतर वाचले.

वाचनाची ही पद्धत अवघड नाही. खड्ड्याच्या भिंतीत थराथरात हात खुपसून पाहतात. जेथे मूठ सहज शिरते तो अतिमऊ. मग चार बोटे, मग एक बोट, मग पेन्सिल, मग सुरी, अशी कठीणपणाची चढती पायरी असते. कठीण थराखाली मूठ शिरणारा थर सापडला की धोक्याची घंटा समजावी. त्यानंतर ३० सेंटिमीटर लांबीरुंदीचा एक खांब करवतीने मोकळा करून त्यावर फावड्याचे पाते ठेवतात आणि थापा मारतात. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या थापेला खांब सरकतो आणि कोणत्या थरावर सरकतो, ते पाहतात. मनगटाच्या हलक्या थापेलाच एखादा थर सपकन सरकला, तर त्या दिवशी त्या उतारावर जाऊ नये. मात्र एक खड्डा म्हणजे सारा पहाड नव्हे. दहा पावलांवर निराळे चित्र असू शकते. त्यामुळे खड्ड्यात खूण सापडली तर थांबावे. पण सापडली नाही म्हणून निर्धास्त होऊ नये.

या विद्येचा आपल्या देशातला पाया १९६९ साली मनालीत घातला गेला. संरक्षण संशोधन खात्याची हिम आणि हिमस्खलन अभ्यास संस्था तेथे स्थापन झाली. २०२० पासून ती दुसऱ्या एका संस्थेत विलीन होऊन नव्या नावाने चंडीगडहून काम करते. पहाडांतील निरीक्षणकेंद्रांवरून हिमाची जाडी, तापमान, वारा यांच्या नोंदी घेऊन धोक्याचे इशारे दिले जातात. आमच्या वेळी लाल दोरी होती. आता अंगावर बाळगण्याचे छोटे यंत्र आले आहे, जे गाडल्या गेलेल्या माणसाचा ठावठिकाणा सोबत्याच्या यंत्राला कळवते.

तरीही इशारा देणे आणि इशारा पाळला जाणे यांत अंतर असते. २०२५ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस उत्तराखंडात जोरदार हिमवृष्टी चालू होती. २७ तारखेच्या संध्याकाळी चमोलीसह अनेक जिल्ह्यांसाठी हिमस्खलनाचा इशारा दिला गेला. २८ च्या सकाळी बद्रीनाथजवळच्या माणा येथे सीमा रस्ते संघटनेच्या कामावरील मजुरांच्या तळावर हिमाचा लोट आला. ५४ मजूर सापडले. लोखंडी पेट्यांच्या घरांत बरेचजण असल्यामुळे आणि सैनिकांनी तत्काळ धाव घेतल्यामुळे ४६ वाचले, आठजण गेले. मी कोणावर ठपका ठेवत नाही. ज्याने स्वतः इशारा डावलला, त्याला तो अधिकार नाही. मी एवढेच म्हणतो, की ज्ञान संध्याकाळी उपलब्ध होते आणि सकाळी माणसे त्या लोटाच्या वाटेवर होती.

गाडल्या गेलेल्या माणसाला किती वेळ मिळतो, हेही ऐकून ठेवावे. थांबताच ते हिम बांधकामातल्या गिलाव्यासारखे आवळते. बोटही हलत नाही. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले तर दहांतले नऊजण वाचतात. अर्धा तास उलटला तर तिघांत एखादाच. बहुतेकजण थंडीने नव्हे, श्वास कोंडून जातात. म्हणून बाहेरची मदत कितीही तत्पर असली तरी ती बहुधा उशिराच पोचते. वाचवणारा असतो तो शेजारचा सोबती, आणि तो शेजारी तेव्हाच उरतो, जेव्हा सारे एकाच वेळी घळीत उतरलेले नसतात.

याला अपवाद घडतात. आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातील बेटदूरचा लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद आपणां सर्वांना आठवत असेल. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनवरील सोनम चौकी प्रचंड लोटाखाली गाडली गेली. चौकीतले दहाजण त्यात सापडले. सहाव्या दिवशी, पंचवीस-तीस फूट खोल बर्फाखालून हणमंतप्पा जिवंत निघाला. ११ तारखेला दिल्लीच्या सैनिकी रुग्णालयात त्याने प्राण सोडला. त्या तीन दिवसांत या सीमाभागातल्या देवळांत, मशिदींत, चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना झाल्या. कन्नड कोण आणि मराठी कोण, हे त्या दिवसांत कोणी विचारले नाही. त्याची चिकाटी वंद्य आहे. परंतु अशा एका चमत्काराने आपण असे समजू नये, की बर्फाखाली धीर धरला म्हणजे माणूस वाचतो. धीर धरायचा तो बर्फावर पाऊल ठेवण्यापूर्वी.

आणि येथे मला आपणां वाचकांशी काही बोलायचे आहे. आपली परंपरा पराक्रमाची आहे. पोवाडे ऐकत आपण वाढलो. पुढे झेपावणारा वीर, ही प्रतिमा आपल्या मनात पक्की ठसलेली आहे. ‘साहेब, आज नको’ म्हणणाऱ्याला आपल्या भाषेत मानाचा शब्द नाही. कचखाऊ, भित्रा, चुकार हेच शब्द तोंडी येतात. मी त्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात चुकार म्हटले, आणि त्या एका शब्दाची किंमत दुसऱ्याच्या मुलाने मोजली. शत्रूसमोर थांबणे आणि उतारासमोर थांबणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उतार लढत नाही, पळत नाही. दोन दिवस थांबले तर बहुधा तोच सावरतो.

म्हणून आपल्यापैकी ज्यांची मुले, भाऊ, भाचे पहाडावर आहेत, त्यांनी एवढे करावे. दूरध्वनीवर तो म्हणाला की हिम फार पडले, चार दिवस गस्त बंद आहे, कंटाळा आला, तर त्याला हसू नका. ‘बरे केलेस’ म्हणा. आणि जे हौसेने गुलमर्गला, सिक्कीमला जातात, त्यांनीही विचारून पाऊल टाकावे. ४ एप्रिल २०२३ रोजी नाथुलाच्या रस्त्यावर सात पर्यटक गेले. महिना एप्रिलचा होता. वादळानंतरचे पहिले लख्ख ऊन आणि वसंतातली टळटळीत दुपार, या दोन वेळा सर्वांत मोहक आणि सर्वांत घातक असतात, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

त्या माउलीला मी त्या वेळी खरे सांगितले नाही, कारण खरे बोलण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. ती आता हयात नाही. तिच्या घरचे कोणी या सभागृहात असतील तर त्यांनी ऐकावे. मावशी, ठाऊक होते. म्हाताऱ्या पहाड्याला ठाऊक होते. पहारेकऱ्याच्या कानांना ठाऊक होते. नोव्हेंबरात पडलेल्या हिमात ते लिहूनच ठेवलेले होते. ज्याने वाचायला हवे होते, त्याने वाचले नाही.

हे वाचनालय शंभर वर्षे लोकांना वाचायला लावत आहे. पुस्तके तर आपण वाचालच. पण ज्याच्या हाती दुसऱ्याचा जीव आहे, त्याने निघण्यापूर्वी समोरचे पान शेवटपर्यंत वाचावे, एवढीच प्रार्थना.